चुन्याचे ठिपके

१

शाल्मलीच्या आईनं, सुनंदाबाईंनी, तिच्यापुढं कधीचे हात टेकले होते. बेळगावातल्या वकिलाच्या घरातली मुलगी. बँकेत लागली असती, कॉलेजात शिकवलं असतं. ते राहिलं बाजूला, ही बया हातोडा घेऊन उन्हातान्हात माळावर दगड फोडत हिंडते! स्थळं यायची तेव्हा ‘मुलगी काय करते’ म्हणून कुणी विचारलं की सुनंदाबाई ‘सरकारी नकाशांचं काम’ एवढंच सांगून घाईघाईनं पोह्यांच्या बश्या पुढं करायच्या. ‘सरकारी’ ही निव्वळ थाप. कंपनी खासगी होती आणि पगारही वेळेवर होत नव्हता.

काम तसं समजायला सोपं. संकेश्वर ते निपाणी या पट्ट्यात जमिनीखाली कुठं कुठला खडक आहे, त्याचा नकाशा करायचा. पूर्वी ही माणसं कागदाच्या गुंडाळ्या घेऊन फिरायची, आता सगळं टॅबवर. खडक दिसला की थांबायचं आणि हातोड्यानं तीनदा वाजवायचं. खणखणीत वाजला तर ताजा, भद्द वाजला तर आतून कुजका नाहीतर पोकळ. मग टॅबवर बोट ठेवलं की बरोबर त्या जागी ठिपका पडतो. त्यात खडकाचं नाव भरायचं, फोटो चिकटवायचा, पुढं चालायचं. काळ्या खडकाला जांभळा रंग, जांभ्याला तांबूस, आणि पाऊल न पडलेला भाग पांढरा. पांढरा तुकडा राहिला तर शाल्मलीला जेवण जात नसे. तिचे साहेब, चिंतामणी सर, बेळगावच्या ऑफिसात बसून हसायचे. म्हणायचे, “अगो, एवढंसं राहिलं तर आभाळ कोसळणार नाही.” पण तिला राहवायचं नाही.

ठिपके कसे घ्यायचे याचीही एक पद्धत असते. खडक एकसारखा असेल तिथं अर्ध्या किलोमीटरवर एक ठिपका पुरतो. पण जे शोधतोय ते हाताला लागलं, म्हणजे एक खडक संपून दुसरा सुरू होण्याची रेघ सापडली, की ठिपके जवळजवळ घेत जायचं. वीस पावलांवर, मग दहा, मग पावलापावलावर. कुणाच्याही नकाशावर दाट ठिपके दिसले की ओळखायचं, या गड्याला इथं काहीतरी गावलंय.

मार्चमध्ये ती खडकीमाळला आली. हायवे सोडून उसाच्या शिवारातून आत गेलं की लागणारी पाचपन्नास घरांची वस्ती. रोज संकेश्वरच्या लॉजवरून येण्याजाण्यात अर्धा दिवस मोडायचा, म्हणून सरांनी ओळखीतून आण्णाप्पा चौगुल्यांच्या घरी दहा दिवस तिची सोय लावली होती.

२

घर चांगलं नांदतं होतं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. आतबाहेर सगळीकडं शहाबादी फरशी. आण्णाप्पा ऊसतोडीच्या गडबडीत, दिवसभर ट्रॉलीमागं. त्यांची बायको नागुबाई, पन्नाशीची, दिसायला किरकोळ पण घर मुठीत ठेवलेली बाई. आणि लेक सौम्या, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा लागला होता. नवरा हुबळीला. पोरगी इतकी बडबडी की शाल्मलीला पहिल्याच संध्याकाळी तिच्या सासरच्या सात जणांचे स्वभाव पाठ झाले.

“ताई, तुमी दगडाशी बोलता म्हनं?”

“मी वाजवते, तो बोलतो.”

“आनि खोटं बोलला तर?”

“दगड नाही बोलत खोटं.”

“मग आमच्या नवऱ्यापरीस बरा की!” म्हणून सौम्या पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं, म्हणून शाल्मली लवकर परतली. माजघरात शिरता शिरता नागुबाई ओरडली, “पोरी, पाय जपून! ठिपक्यावर नगं!”

शाल्मलीनं खाली बघितलं. फरशीवर हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके होते. दोन दिवस ती त्यांना रंगाचे डाग समजत होती. कोपऱ्यात एक, खांबापाशी दोन, देव्हाऱ्यासमोर एक, असे विखुरलेले दहाबारा.

“हे काय आहे, मावशी?”

“खालनं वाजतंय कवाकवा,” नागुबाई चंचीतला चुना बोटावर घेत म्हणाली. तंबाखू मळणाऱ्या बाईच्या कमरेला चुना कायम असायचाच. “जितं वाजंल तितं ठिपका द्यायचा, आनि त्येच्यावर पाय द्यायचा न्हाय. सासूबाईनं शिकीवलंय.”

“पण का?”

“का म्हंजे? घराची रीत. तुमच्यात उंबऱ्यावर बसत न्हाईत. कोन इचारतंय का म्हनून? वरसातनं एकदा, लई झालं तर दोनदा वाजतंय. त्येनं आपलं वाजवावं, आपुन आपलं काम करावं.”

शाल्मलीला हसू आलं. हसू दाबून ती हातपाय धुवायला परड्यात गेली. जेवणं झाली. आण्णाप्पा सोप्यात आडवे झाले, सौम्या माजघरात गादीवर डाव्या कुशीवर झोपली. शाल्मली खांबाला टेकून टॅबवर दिवसाचे ठिपके तपासत बसली. पंखा फिरत होता. बाहेर कोंबडी कुरकुरत होती.

आणि खालून वाजलं. एकदाच. उपड्या घागरीवर बोटाचं हाड आपटावं तसा बारीक आवाज, देव्हाऱ्याच्या अलीकडून.

नागुबाई भाकरीचं पीठ चाळता चाळता उठली, त्या जागी वाकली, ठिपका दिला आणि परत येऊन पीठ चाळू लागली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

३

आता शाल्मली काही भूतखेत मानणाऱ्यातली नव्हती. खालून आवाज येतो याला शंभर कारणं असतात. उन्हानं फरशी तापते आणि सुटते. जुनं बीळ असतं, जुना आड बुजवलेला असतो. शेजारच्या शिवारात बोअर मारत असतील तर खडकातून ठोका मैलभर येतो. आण्णाप्पांचंही तेच मत होतं. “उंदीर असतील, न्हाय तर बोअर. हिच्या आनि हिच्या सासूच्या डोस्क्यात काय शिरंल त्येचा नेम न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागुबाई वैरणीला गेली तेव्हा शाल्मलीनं ठरवलं, बघूनच टाकू. फरशीखाली पोकळी असेल तर ती नकाशात यायला हवी आणि घरमालकाला सांगायलाही हवी. हे तिचं रोजचंच काम. तिनं हातोडा काढला, त्याच्या तोंडाला फडकं गुंडाळलं म्हणजे फरशी फुटणार नाही, आणि भिंतीपासून सुरुवात केली. टक् टक् टक्. भरीव. दोन हात पुढं. टक् टक् टक्. भरीव. सगळं माजघर दगडासारखं भरीव वाजत होतं. चला, बीळ नाही, आड नाही.

“ताई, हितंबी वाजवा की,” सौम्या गादीवर उठून बसली आणि उशाजवळची फरशी तिनं बोटानं दाखवली. “बगूया आमी पोकळ हाय का भरीव!”

शाल्मलीनं हसत तिथं तीनदा वाजवलं.

खालून तीनदा वाजलं.

दोघींनी फरशीकडं बघितलं. मग सौम्या फिसकन हसली. “माझ्या बाळानं न्हाय हं मारलं!”

“प्रतिध्वनी आहे,” शाल्मली म्हणाली. पण प्रतिध्वनी लगेच येतो, ही गोष्ट तिला कुणी शिकवायला नको होती. हा आवाज येईपर्यंत तिनं एक अख्खा श्वास घेऊन सोडला होता. तिला वाटलं आपलं चुकलं असेल, आणि खात्री करायला म्हणून तिनं आणखी एकदा तीन ठोके दिले. या वेळी काहीच आलं नाही. तिनं हातोडा पिशवीत ठेवला, टॅबवर ‘घराखालचा खडक भरीव’ असं लिहिलं आणि माळावर निघून गेली.

संध्याकाळी तिनं नागुबाईला गंमत म्हणून सांगितलं. नागुबाई चुलीपुढं बसली होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती तशीच हातात राहिली.

“तू वाजवलंस?”

“हो. तपासायला.”

“आमी कदी उलट वाजवलं न्हाय गं पोरी,” नागुबाई हळूच म्हणाली. “सासूबाईबी न्हाय, मीबी न्हाय. त्येनं इचारावं, आपुन गप बसावं.”

४

त्यानंतर रोज वाजायला लागलं.

दुपारी दोनच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि तासाभरानं थांबायचं. पहिल्या दिवशी चार ठोके, दुसऱ्या दिवशी नऊ, मग मोजता येणार नाहीत इतके. नागुबाई चुन्याची डबी घेऊन बसून राहायची. सौम्या झोपेत असायची, तिला पत्ता नसायचा. शाल्मलीनं माळावरची कामं सकाळीच उरकायला घेतली आणि दुपारी घरी यायला लागली. ‘ऊन फार आहे’ असं ती सरांना फोनवर सांगायची. खरं कारण तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी तिनं एक केलं. केलं नसतं तर बरं, असं तिला मागाहून वाटलं. सौम्या अंघोळीला गेलेली बघून तिनं टेप काढला, भिंतीपासून प्रत्येक ठिपक्याचं अंतर मोजलं आणि सगळे ठिपके टॅबवर चढवले. माळ मोजतात तसंच माजघर. कुठला ठिपका कधीचा, ते नागुबाई सांगत गेली. बाईची आठवण पक्की. “ह्यो सौम्या शाळंत गेली त्या वरसाचा. ह्यो म्हस व्याली तवाचा.” जुने ठिपके दूरदूर होते, तीन हात, चार हात. नवे सगळे गादीच्या कडेनं.

“मावशी, गादी उचलूया.”

दोघींनी मिळून गादी बाजूला केली. नागुबाईनं गादीखालून आलेला प्रत्येक आवाज कान लावून हेरला होता आणि सौम्या उठली की हात घालून खुणा केल्या होत्या. वीतभर अंतरावर ठिपके. मग चार बोटांवर. मग दोन. शाल्मलीनं तेही चढवले आणि टॅबला कडा जोडायला सांगितल्या. रेघ खांद्यापासून निघाली, कमरेला आत वळली, गुडघ्यात दुमडली. डाव्या कुशीवर झोपलेली बाई. पोटापाशी ठिपके इतके दाट होते की पडद्यावर नुसता काळा डाग दिसत होता.

शाल्मलीनं टॅब मांडीवर ठेवला. तिला भूत दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते तिचं स्वतःचं काम. आधी लांब लांब ठिपके, मग सुगावा, मग जवळ जवळ. आणि कुणी करत होतं ते नेटकं करत होतं, एक ठिपका वाया नव्हता.

नागुबाई तिच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होती. ती उठली आणि कोपऱ्यातली मोठी पत्र्याची ट्रंक सरकवू लागली. शाल्मलीनं हात लावला. ट्रंकेखाली फरशीवर चुन्याचे जुने, पिवळट पडलेले ठिपके होते. गच्च. पाय लांब करून उताणा झोपलेला माणूस, बोटं मोजता येतील इतका पुरा.

“हितं कोण झोपायचं?”

“माझा दीर. गुंडू. मी लगीन हून आलते त्या वरसाची गोष्ट. सासूबाई ठिपकं देत गेल्या आनि एक दिस वाजायचं थांबलं.”

“त्यांना काय झालं?”

“कायबी न्हाय झालं. धा वरसं जगला की. शेतात जायचा, जेवायचा, हसायचाबी.” नागुबाईनं पदरानं तोंड पुसलं. “पन सासूबाईनी त्येला त्या दिसापासनं गुंडू म्हनून हाक मारली न्हाय. पोटचा पोरगा. ताट वाढायच्या आनि तोंड फिरवून बसायच्या. मी एकदा इचारलं, आत्ती, असं का? तर म्हनल्या, गुंडूला मी वळकते.”

माजघरात पंखा फिरत होता. परड्यातून सौम्याचं गाणं ऐकू येत होतं.

“तुझ्या मशीनवर दिसतंय न्हवं?” नागुबाईनं विचारलं. “अजून किती ऱ्हायलंय?”

शाल्मलीनं पडद्याकडं बघितलं. पाठ झाली होती, पाय झाले होते, पोट झालं होतं. गळ्याच्या वर काही नव्हतं.

“डोकं,” ती म्हणाली.

५

आठव्यात गर्भारशीला हलवायचं नाही, हे आण्णाप्पांचं म्हणणं. वस्तीतल्या कुठल्याही माणसानं हेच म्हटलं असतं. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरच्या घरातून दुसरीकडं नेलं तर सासरची माणसं काय म्हणतील? ठिपक्यांचं नाव काढलं तर आण्णाप्पा नुसते हसले असते. नागुबाईनं ते जन्मभर बघितलं होतं.

म्हणून शाल्मली खोटं बोलली. दगडांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा. तिनं टॅबवर घराच्या जागी मोठा लाल गोळा काढला आणि तो आण्णाप्पांपुढं धरला.

“आप्पा, माजघराखाली पोकळी आहे. पावसाळ्यापर्यंत टिकेलही, उद्या खचेलही. मी सांगू शकत नाही. सौम्याला आज हलवा.”

आण्णाप्पांनी लाल गोळ्याकडं बघितलं, मग फरशीकडं, मग परत गोळ्याकडं. बायकोच्या चुन्यावर न बसलेला विश्वास त्या माणसाचा काचेवर लगेच बसला.

“आयला! आनि आमी हितं गादी टाकून झोपालोय!”

तासाभरात जीप आली, नागुबाई लेकीबरोबर निघाली. संकेश्वरात नागुबाईची बहीण मनुबाई राहायची, सिमेंटच्या नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली किराणा दुकान, मधे एक बिऱ्हाड, मग त्यांचं घर. दुसरा मजला ऐकून शाल्मलीच्या जिवात जीव आला. जमीन आणि सौम्या यांच्यामधे दोन मजले. तिथं कोण कशावर वाजवणार?

“ताई, तुमी बी चला की!” सौम्या जीपमधून म्हणाली. “घर पडंल म्हनता आनि सोता ऱ्हाता?”

“माझा माळाचा एक तुकडा राहिलाय गं. दोन दिवसांत उरकते आणि येते बाळाला बघायला.”

“बाळाला दोन म्हैनं हाईत अजून!”

“मग तुला बघायला.”

आण्णाप्पा जाऊन येऊन गुरांचं करायचे आणि रात्री मळ्यातल्या खोपीत झोपायचे. शाल्मलीनं आपलं अंथरूण सोप्यात, दाराशी आणलं. तिला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा! पण आपण हलवलं आणि थांबलं, हे तिला बघायचं होतं. तेवढं बघितल्याशिवाय तिचा पाय निघाला नसता.

६

एक दुपार गेली. काही वाजलं नाही. दुसरी दुपार गेली. फरशीवर उन्हाचा चौकोन सरकत सरकत भिंतीवर चढला आणि विझला, तरी घर चिडीचूप.

तिला हसू यायला लागलं. बाई गं, काय हे आपलं डोकं! फरशी तापते, सुटते, वाजते. नागुबाईचा कान तिखट असला तरी गादीखालचा ठोका दोन बोटांच्या हिशोबानं कुणाला हेरता येतो? आवाज एक आला असेल आणि पोरीच्या काळजीनं बाईनं पाच ठिपके दिले असतील. आणि गुंडू? माणसं बदलतात. आयांना मुलं परकी वाटायला चुन्याची गरज नसते. सगळं नीट जमलं. मग तिला वाटलं आण्णाप्पांची माफी मागायला हवी, आणि ती कशी मागायची याचाच विचार करत तिनं बॅग भरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला फोन वाजला. नागुबाई.

“पोरी, हितंबी वाजलं.”

“काय?”

“सौम्याच्या उशाखाली. कॉटवर झोपवलीया, तर कॉटखालच्या फरशीतनं. चार ठोकं. मी खाली जाऊन आले. खालच्या बिऱ्हाडाला कुलूप हाय.” नागुबाईचा आवाज चुलीपुढं बोलावं तसा शांत होता, फक्त श्वास अडकत होता. “कानापाशी दोन. हनवटीखाली येक. येक कपाळाला. आता काय करू गं? तिला उठवू? कुठं नेऊ?”

शाल्मली सोप्यात उभी होती. तिच्या एका हातात बॅगेचा पट्टा होता. तिला एकदम सगळं स्वच्छ समजलं आणि इतकं समजल्याचा तिला रागही आला. जागेचा प्रश्नच नव्हता. तिच्या नकाशातला तुकडा पांढरा राहिला असता तर तिनं तरी काय केलं असतं? घरी गेली असती का? कुंपण ओलांडून, ओढा ओलांडून, कुणाच्या शिव्या खाऊन ती त्या तुकड्यापाशी पोचली असती. सौम्याला हुबळीला न्या, मुंबईला न्या, पाचव्या मजल्यावर ठेवा. काम अर्धं टाकून जाणाऱ्यातलं ते नव्हतं.

मग असा माणूस काम अर्धं टाकतो तरी कधी?

तिला मागच्या वर्षीची निपाणीजवळची गोष्ट आठवली. ओढ्याकाठी कुजक्या खडकात चार दिवस ती खरवडत बसली होती. तेवढ्यात हायवेच्या कामाला टेकडी कापली आणि ताजी, लखलखीत कडा उघडी पडली. तिनं ओढ्याकडं परत ढुंकूनही बघितलं नाही. जास्त चांगलं, जास्त सोपं, हाक मारली की ओ देणारं काही सापडलं, तरच माणूस आधीचं सोडतो.

सौम्यानं कधी ओ दिली नव्हती. ओ दिली होती शाल्मलीनं, आणि तीही सौम्याच्या उशाशी बसून.

“मावशी,” ती म्हणाली, “तिला झोपू द्या. फोन चालू ठेवा, कानाला लावून तिच्याजवळ बसा. वाजलं की मला सांगा.”

“तू काय करालीस?”

“काम करतेय.”

७

माजघरात ऊन नव्हतं, गारवा होता. गादी नेल्यामुळं ठिपके उघडे पडले होते. शाल्मलीनं फोन स्पीकरवर करून फरशीवर ठेवला. पिशवीतून हातोडा काढला. फडकं गुंडाळायची गरज नव्हती. मग तिनं चपला काढल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि सौम्याच्या ठिपक्यांना ओलांडून मोकळ्या फरशीवर ती डाव्या कुशीवर आडवी झाली. गाल फरशीला लावला. फरशी थंड होती.

तिला आईची आठवण आली आणि रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. पळून जाणं सहज जमण्यासारखं होतं. दार उघडं होतं, तिची स्कूटर दारात होती, तासाभरात ती बेळगावात पोचली असती. कुणी तिला दोष दिला नसता. सौम्या बाळंत झाली असती, बारशाला पेढे आले असते, आणि सौम्या त्या बाळाला मांडीवर घेऊन हसत बसली असती, आणि फक्त नागुबाईनं लेकीकडं बघितलं नसतं.

तिनं खांद्यापाशी तीनदा वाजवलं.

बराच वेळ काही नाही. एक श्वास. दुसरा. मग तिच्या खांद्याच्या बरोबर खाली, हाडाला जाणवेल असं, तीनदा.

“मावशी, तिकडं?”

“न्हाय,” फोनमधून नागुबाई म्हणाली. “आता न्हाय वाजलं.”

तिनं कोपरापाशी वाजवलं. कोपरापाशी उत्तर आलं. कमरेपाशी वाजवलं. गुडघ्यापाशी. आता उत्तर यायला वेळ लागत नव्हता. थोड्या वेळानं तिला वाजवावंही लागेना. तिच्या अंगाच्या कडेकडेनं ठोके आपणच येत होते, वीतभर, मग चार बोटं, मग दोन, भराभर, पण नीट. काम येणारा हात आहे, हे तिला तशातही मान्य करावं लागलं.

“पोरी, थांबलं बघ हितलं,” नागुबाई रडत होती. “अर्दा तास झाला. येकबी न्हाय. सौम्या उठालीया.”

गाल फरशीला लावलेला असल्यामुळं शाल्मलीला फरशीच्या पातळीतून सरळ दिसत होतं. नाकापासून वीतभर अंतरावर दोन फरश्यांचा सांधा होता. त्यातला धुरळा हलला. एका फरशीची कड बोटभर वर आली, आणि तशीच राहिली, भांड्यावरचं झाकण कुणी आतून तोलून धरावं तशी.

आत काळोख होता. पण अगदी जवळ होतं ते, म्हणून दिसलं. पलीकडंही कुणीतरी असंच गाल टेकून आडवं झालं होतं. केस होते. कान होता. नाक झालं होतं, आणि ओठांची एक बाजू. डोळ्याच्या जागी अजून काही नव्हतं, सारवलेल्या भिंतीसारखी सपाट जागा होती.

तिनं कानाकडं निरखून बघितलं. सगळा प्रश्न त्या कानाचा होता. सौम्याच्या कानाला तीन भोकं होती, वरच्या पाळीला बुगडीचं एक. या कानाला खाली एकच भोक होतं, आणि त्यामागं लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण होता.

कान तिचा स्वतःचा होता. सौम्याचं काहीही त्यात उरलं नव्हतं.

“ताई!” फोनमधून झोपाळलेला, हसरा आवाज आला. “आई का रडालीया? काय सांगितलंसा तिला? आनि ऐका, बाळ आज लई लाता मारालंय!”

“मारू दे गं,” शाल्मली म्हणाली. “सांग मला. कुठं मारतंय?”

“हितं, बरगडीखाली. थांबा, परत. आई गं!”

“बोलत राहा, सौम्या. मी ऐकतेय.”

सौम्या बोलत राहिली. सासूचा फोन आला होता, मनुमावशीनं आमटी तिखट केली होती, बाळाचं नाव काय ठेवायचं यावर हुबळीत दोन पार्ट्या पडल्या होत्या. खाली ती सपाट जागा वाट बघत होती. शाल्मलीनं हातोडा उचलला, डोळ्यापाशी नेला आणि फरशीवर हळूच तीनदा वाजवलं.